ताईचा गुडघापट्टा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. लोक जानेवारीत सुरू करतात आणि जानेवारीतच सोडतात. मी नोव्हेंबरात सुरू करतोय. गर्दी टाळलेली बरी.

निमित्त: काल एक जबाबदारी घेतली. कोणी दिली नव्हती, मीच घेतली. ताईच्या कॅलिपरचा गुडघ्यावरचा पट्टा बक्कलपाशी फाटला.

पार्श्वभूमी (वार्ताहराची सवय, स्वतःलाही पार्श्वभूमी द्यावी लागते): ताईचा डावा पाय ती दोन वर्षांची असल्यापासून पोलिओचा. मांडीपासून बुटापर्यंत धातूच्या दोन सळ्या, गुडघ्यावर चामड्याची वाटी, वाटीला चार पट्टे. एवढं चढवलं की ती माझ्यापेक्षा भराभर चालते आणि वर मागे वळून, येतोयस ना, असं विचारते.

ती कॅलिपर मिस्त्रींकडे पाठवणार होती. तिचे आजवरचे सगळे कॅलिपर त्यांनीच केले. पण ते दहा दिवस घेतात. मी म्हणालो, एका पट्ट्याला दहा दिवस? आण इकडे, दोन दिवसांत देतो. ताई म्हणाली, तू? मी म्हणालो, मी. ती म्हणाली, म्हणजे पडद्याचा रॉड बसवला होता तोच तू ना? मी म्हणालो, तो भिंतीचा दोष होता. ती म्हणाली, भिंतीनं कबूल केलंय का?

पण दिला. विश्वास आहे. गेल्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत माझा लेख आला होता, 'हात विसरलेला माणूस'. अकरा पत्रं आली. तेव्हापासून बोटांत काहीतरी जागं झाल्यासारखं वाटतंय. आमची ही म्हणते, संधिवात.

मुदत: २९ तारीख. त्या दिवशी ताईसकट तिच्या वसतिगृहातल्या सात मैत्रिणी तळ्याकाठच्या एकीच्या घरी जमणार. इथून रेल्वेनं पाच तास. त्यांतली एक परदेशातून येतेय, एकतीस वर्षांनी. शाळेत असताना ती नऊ वर्षं स्वतःचं आणि ताईचं अशी दोन दप्तरं उचलून चालायची. आमच्या घरात तिचं नावच दप्तरवाली. ३०च्या संध्याकाळी तिचं परतीचं विमान. ताईनं बॅगेत काय काय भरायचं त्याची यादी सप्टेंबरातच केली आहे.

म्हणजे माझ्याकडे दोन दिवसांच्या कामाला सव्वीस दिवस आहेत. हसू आलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस झाले. काम सुरू नाही, पण अभ्यास झाला. अभ्यासाशिवाय हात लावणारे हौशी. मी व्हिडिओ पाहिले, चौदा.

निष्कर्ष: चर्मकर्माचे तीन भाग. छेदन, संधान आणि कडासंस्कार. म्हणजे कापायचं कशानं, चिकटवायचं कशानं आणि कड कशी संपवायची. त्यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं. कामाची कड बघून कारागीर ओळखतात, असं चौदापैकी अकरा जण म्हणाले. हिला हे वर्गीकरण सांगितलं. तिनं विचारलं, पसारा आवरणं कुठल्या भागात येतं?

महत्त्वाचा निर्णय: एकच पट्टा बदलणं म्हणजे जुन्या लेखाला नवा परिच्छेद चिकटवणं. वाचकाला कळतं. सबंध वाटी नवी करणार, चारही पट्ट्यांसकट.

ताईला फोनवर कळवलं. ती म्हणाली, अरे एक पट्टा फाटलाय. मी म्हणालो, तुला नाही कळणार. त्यावर तिनं फोन ठेवला. पटलं असावं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बसस्टँडमागच्या गल्लीत चामड्याचं दुकान. दार एका माणसापुरतं, आत मात्र छतापर्यंत गुंडाळ्या. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझा आकार तेवढा त्याला दिसत असणार.

मी विचारलं, सतत वाकणाऱ्या आणि ओढ बसणाऱ्या जोडासाठी कुठलं चिकटद्रव्य सुचवाल? तो म्हणाला, सोल्यूशन. मी म्हणालो, ते झालंच, पण पर्याय काय काय आहेत? तो म्हणाला, मोठा डबा आहे, छोटा डबा आहे.

मग त्यानं विचारलं, करायचंय काय? मी म्हणालो, वैद्यकीय स्वरूपाचं उपकरण. तो म्हणाला, कुणाच्या पायाचं? त्यांना घेऊन या ना. मी म्हणालो, त्याची गरज नाही, माझ्याकडे मापं आहेत. (मापं घ्यायची आहेत. नोंद.)

खरेदी: चामडं कापायची रापी एक. भोकं पाडायची आरी दोन, सरळ आणि वाकडी. चार दातांचा पंच. कड तासायचं हत्यार, नंबर दोन. (नंबर एक आणि तीनही घेतली. दोनला सोबत हवी.) कड घोटायचा लाकडी दांडा. लाकडी हातोडा. मेणाची वडी. मेणाचा दोरा, काळा आणि तपकिरी. सोल्यूशन. पांढरा गोंद. दोन ट्यूबा एकत्र करून लावायचा आणखी एक गोंद. कडेचा रंग.

घरी येऊन सगळं टेबलावर मांडलं. फार देखणं दिसत होतं. हिनं एकेक उचलून पाहिलं आणि विचारलं, चामडं कुठंय?

९ नोव्हेंबर, रविवार

चामडं आणलं.

दुकानदारानं दोन तुकडे समोर टाकले. एक जाड, ताठ, झाडाच्या सालीत कमावलेलं. दुसरं पातळ, मऊ, कानाच्या पाळीसारखं. म्हणाला, वरून हे, आतून हे अस्तर. मी विचारलं, मऊ चामड्याची कड घोटून चमकते का? तो म्हणाला, नाही, ते कशाला चमकेल? मी फक्त जाड घेतलं. अस्तर म्हणजे आत काहीतरी लपवायचंय असं वाटतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी २

फाटलेल्या पट्ट्याचा कॅलिपर सोडवला. सगळे रिव्हेट काढले. पक्कड, छिन्नी, शेवटी ड्रिल. मिस्त्रींचं काम मजबूत आहे हे मान्य करायला हवं, जरा अनावश्यक मजबूत. सोडवण्यापूर्वी फोटो काढून ठेवला होता, कुठला पट्टा कुठे ते कळावं म्हणून. फोटोत माझा अंगठा स्पष्ट आला आहे.

जुन्या वाटीच्या आत मऊ कातडं होतं, घामानं काळं झालेलं, जागोजागी दबलेलं. वाटीसकट फेकून दिलं. अनारोग्यकारक.

ताई सध्या बारा वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला जुना कॅलिपर वापरते आहे. तो जड आहे आणि त्याला गुडघ्यात चाप नाही, बसताना पाय सरळ पुढे राहतो. वाचनालयात (ती ग्रंथपाल आहे, वर्षभरात निवृत्त होईल) तिचा पाय टेबलाच्या बाहेर येतो आणि लोक अडखळतात म्हणे. आज फोन आला. म्हणाली, छोट्या, तुझ्या कालगणनेत दोन दिवस किती तारखांचे असतात? मी म्हणालो, गुणवत्तेला वेळ लागतो. ती म्हणाली, लागू दे, पण माझ्या कमरेला ते कोण सांगणार?

उद्या चिकटद्रव्यांची चाचणी. नक्की.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चाचणी.

पद्धत: चामड्याच्या तीन जोडपट्ट्या. तीन गोंद. प्रत्येकीला खाली वजन. वजन म्हणून संस्कृत शब्दकोशाचे खंड, कारण घरात तेवढं वजनदार दुसरं काही नाही आणि ते आता क्वचित उघडतो याची थोडी टोचणीही आहे. काहीतरी उपयोग व्हावा.

सोल्यूशनचं शास्त्र असं: दोन्ही बाजूंना लावायचं, थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. एकदा टेकलं की सरकत नाही. दुसरी संधी नाही. वाचून अंगावर काटा आला. माणसांच्या बाबतीतही असं असतं, यावर कधीतरी लेख.

पहिल्यांदा लावलं आणि थांबलो. संपादकांचा फोन आला, पाणीकपातीच्या बातमीतला आकडा विचारायला. चाळीस मिनिटं. तोवर सोल्यूशन पार वाळलं. दुसऱ्यांदा घाई केली, सरकलं. तिसऱ्यांदा अप्रतिम चिकटलं, पण टेबलक्लॉथला.

दुपारी ३.४० ला शब्दकोशाचा तिसरा खंड पडला. ३.४५ ला पहिला. दुसरा खंड टिकला असं वाटलं होतं, पण तो खुर्चीच्या हातावर टेकलेला निघाला.

संध्याकाळी कारण सापडलं. चामड्याची चकचकीत बाजू आधी खरवडायची असते, नाहीतर कुठलाच गोंद धरत नाही. हे प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात सांगितलंय. मी पहिलं मिनिट पुढे ढकलतो, त्यात नमस्कार वगैरे असतो.

हिनं फक्त एवढंच सांगितलं की तीन तारखेला मिस्त्रींकडे दिलं असतं तर आज परत मिळालं असतं. हिशोब बरोबर आहे. पण हिशोब म्हणजे सर्वस्व नव्हे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

यश! आज कड घोटली.

आधी नंबर दोननं तासली. मग पॉलिशपेपर, आधी खरखरीत, मग बारीक. मग ओलं बोट. मग मेण. मग लाकडी दांड्यानं घासत राहायचं, चामडं गरम होईपर्यंत. दोन तास. मनगट सुजलं. पण कड! गुळगुळीत, तपकिरी, आतून दिवा लावल्यासारखी. बोट फिरवलं की अडत नाही.

हिला हाक मारून बोलावलं. तिनं पाहिलं, खरंच छान आहे म्हणाली. मग विचारलं, हे नेमकं काय आहे? मी म्हणालो, कड. ती म्हणाली, हो, पण कशाची?

नमुन्याची. तीन इंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे लिहू की नको, असं झालंय. रोजनिशी कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

सकाळी स्टेशनरीच्या दुकानासमोर होतो. रस्त्याच्या पलीकडे ताई दिसली. जुना कॅलिपर. प्रत्येक पावलाला सबंध खुबा उचलून पाय गोलाकार फिरवून पुढे टाकत होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात कठड्यावर. कठडा संपला तिथे ती थांबली आणि पुढच्या खांबाकडे बघत राहिली. मधे साताठ पावलं होती.

मी दुकानात शिरलो. एक स्टेपलर घेतला. घरी दोन आहेत. पाचेक मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा ती दिसली नाही.

माझ्या हातात काम असताना मी रस्त्यात भेटून वेळ घालवणं बरोबर झालं नसतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वैचारिक पेच. कड घोटावी की रंगवावी?

घोटण्याच्या बाजूनं: नैसर्गिक, प्रामाणिक, मेणाचा वास. रंगाच्या बाजूनं: पाणी शिरत नाही, टिकाऊ, एकसारखी. विरुद्ध बाजू: घोटलेली कड घामानं फुगते. रंगाचे पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळल्यावर घासायचा, मग पुढचा. चांगले लोक पाच देतात, फार चांगले सात.

परदेशातल्या एका चर्चामंचावर प्रश्न टाकला. चौतीस उत्तरं आली, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी भांडण झालं. एकानं मलाच विचारलं की वस्तू कोण वापरणार आहे. मुद्दा सोडून बोलणारे सगळीकडे असतात.

निर्णय: आधी घोटणार, मग रंगवणार. सात थर.

दुपारी ताईचा फोन. जमलंय तेवढं एकदा घालून बघू का, म्हणाली. मी म्हणालो, बातमी छापण्याआधी आम्ही ज्याच्याबद्दल आहे त्याला दाखवत नसतो. ती म्हणाली, म्हणूनच दुसऱ्या दिवशी खुलासा छापता ना?

२० नोव्हेंबर, गुरुवार

कापलं. भोकं पाडली. शिवलं.

दोन सुया, एकाच दोऱ्याची दोन टोकं, प्रत्येक भोकातून दोघी समोरासमोर जातात. एकूण टाके एकशे बारा. त्यांपैकी सरळ रेषेत बरेच. रक्त दोन ठिकाणी, दोन्ही माझ्याच अंगठ्याचं. तपकिरी चामड्यावर दिसत नाही, हा सालीत कमावलेल्या मालाचा आणखी एक फायदा.

मापं जुन्या वाटीवरून घेणार होतो, पण ती फेकली होती. अंदाजानं घेतली. माझा गुडघा मोजला आणि थोडं कमी केलं.

कडेचा पहिला थर दिला. दुसरा दिला. आज संपादकांना सांगितलं, पोटात दुखतंय. तिसरा दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११

झालं!!

सातही थर. नवी वाटी रिव्हेटनी सळ्यांवर बसवली. कड काचेसारखी. नख मारलं तर टिक असा आवाज येतो.

घेऊन गेलो. ताईनं हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, अंगठा कडेवरून सबंध फिरवला, एकदा नाही, दोनदा. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, छान केलंयस रे छोट्या. टोमणा नाही, काही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घातलं. म्हणाली, थोडं कडक आहे का? मी समजावलं, चामडं अंगाला बसायला वेळ घेतं, वापरानं वळतं, सगळीकडे हेच लिहिलंय. ती म्हणाली, बरं. फाटकापर्यंत गेली आणि आली. येताना मागे वळून काही विचारलं नाही. लक्ष चालण्याकडे असावं.

तिनं फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. 'माझ्या भावानं स्वतःच्या हातानं केलं.' मला दाखवला. स्वतःच्या हातानं, असं लिहिलंय.

घरी येताना दोनदा उगाच लांबच्या रस्त्यानं आलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नव्या लेखाचं शीर्षक: 'हात सापडलेला माणूस'.

ताईला फोन केला, कसं आहे? म्हणाली, छान आहे. दोन शब्दांचं बोलणं तिच्याकडून क्वचितच ऐकलंय. समाधानी माणूस कमी बोलतो.

संपादकांसाठी कमरेचा पट्टा करावा म्हणतो. त्यांची कंबर अंदाजानं काढता येईल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ही ताईकडे जाऊन आली. म्हणाली, ताई वाचनालयात गेल्या नाहीत, खुर्चीत बसून होत्या, पाय स्टुलावर. मी म्हणालो, प्रवासाआधी विश्रांती घेतेय, शहाणपणाचं आहे. ही म्हणाली, पायावर चादर होती. मी म्हणालो, थंडी आहे. ही म्हणाली, पंखा चालू होता.

मग ही बराच वेळ भांडी लावत होती. प्रत्येक भांडं ऐकू येत होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हिनं ताईला डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो.

गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या घडीत जखम. सरळ रेषेत, एकसारखी, कुठेही न तुटता. मी ती रेषा ओळखली. सात थर.

डॉक्टर म्हणाले, या पायात रक्त कमी फिरतं, पाय थंड असतो, अशा जखमा सावकाश भरतात. तीन आठवडे कॅलिपर नाही. हा नाही आणि जुनाही नाही. ताईनं विचारलं, २९ ला एकच दिवस? डॉक्टर म्हणाले, बाई, संवेदना तर आहे ना पायात, पहिल्या दिवशी दुखलं नाही का? ताई म्हणाली, दुखलं. मग? ताई म्हणाली, म्हटलं बसेल हळूहळू, चामडं वापरानं वळतं.

डॉक्टरांनी वाटी उचलून कडेवर नख मारलं. टिक. विचारलं, कुणा शहाण्यानं बनवलंय हे?

ही खिडकीबाहेर बघत होती. ताई जमिनीकडे.

मी म्हणालो, आहे एक कारागीर.

हे मी म्हणालो. इथे लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर मला वेगळं आठवायला नको.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मिस्त्रींकडे गेलो. कामाचा लांबट ओटा, त्यावर लाकडाचे चारपाच पाय, साच्याचे. कोपऱ्यात आरसा, माणूस अख्खा दिसेल एवढा, आणि त्याच्यापुढे आधाराला दोन आडवे बार.

मी पिशवीतून सगळं काढलं. खरं सांगितलं. इथे तरी.

त्यांनी चकाकणाऱ्या बाजूकडे पाहिलंच नाही. वाटी उलटी केली आणि आपल्या मनगटाची आतली बाजू, जिथे नाडी बघतात तिथली कातडी, कडेवरून फिरवली. अर्ध्यात थांबले. विचारलं, कडेला रंग कशाला लावला? मी म्हणालो, फिनिश. ते म्हणाले, हे पाकीट आहे का?

मग सांगितलं, रागानं नाही. अंगाला लागते त्या कडेला आम्ही काही करत नाही. ती दिसूच द्यायची नाही. मऊ कातडं आतून घ्यायचं आणि कडेवरून बाहेर उलटवून गोट घालायचा. चिकटवतानाही सोल्यूशन कडेपासून बोटभर मागे थांबवायचं, वाळलं की तेही टोचतं.

मी इतका अभ्यास केला. घोटावी की रंगवावी. चौतीस उत्तरं.

विचारलं, एका पट्ट्याला तुम्हाला दहा दिवस का लागतात? म्हणाले, पट्टा अर्ध्या तासाचा आहे. पण बाई तिसऱ्या दिवशी येतात, घालून या आरशापुढे चालतात. मी काढून पाय बघतो, लाल कुठे झालंय, तिथे कमी करतो. पुन्हा सहाव्या दिवशी येतात. पुन्हा नवव्या. दहा दिवस त्याचे.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला त्या टोचतंय म्हणाल्या नाहीत? मी म्हणालो, नाही. त्यांना हसू आलं. म्हणाले, मला तर पहिल्या मिनिटाला शिव्या घालतात. मिस्त्री, हे काय घोड्याचं खोगीर आणलंय का, म्हणतात.

जुनं अस्तर मागितलं त्यांनी. बारा वर्षं तिच्या गुडघ्याचा आकार त्यात बसला होता, त्यावरून चटकन कापता आलं असतं. मी म्हणालो, हरवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईकडे गेलो. तिची बॅग भरलेली होती. दाराजवळ ठेवलेली ती बॅग मी आत नेऊन ठेवली.

मी उपाय सुचवले. गाडी करू. चाकांची खुर्ची भाड्यानं आणू. मी सोबत येतो, उचलून आत नेतो. मैत्रिणींनाच इकडे बोलावू. दप्तरवालीचं विमान पुढे ढकलता येतं का बघू, विमान कंपनीत माझी ओळख आहे. (नाही.)

ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, छोट्या, नऊ वर्षं ती माझं दप्तर घेऊन माझ्या वेगानं चालली. पावसात सगळ्या मुली पळत जायच्या आणि ती माझ्याबरोबर भिजत यायची. तिनं मला कधी भराभर चालताना बघितलंच नाही रे. हा चापवाला कॅलिपर मला बारा वर्षांपूर्वी मिळाला, तोवर ती परदेशात गेली होती. मला स्टेशनवर तिच्यापुढे चालायचं होतं. तिची बॅग घेऊन. एवढंच होतं. खुर्चीतून कशाला जाऊ?

मी म्हणालो, माझं चुकलं.

म्हणजे म्हणायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, आता तू काही सुचवू नकोस, चहा टाक. मी चहा टाकला.

२९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.३०

सकाळपासून ताईकडे आहे. ही म्हणाली जाऊ नका, त्यांना एकटं राहू दे. तरी आलो. घरी बसवत नव्हतं.

ताईचा पाय स्टुलावर, बँडेजमध्ये. साडेअकराला मैत्रिणींचा व्हिडिओ कॉल आला. सहा बायका एका सोफ्यावर आणि सोफ्याच्या हातांवर, सगळ्या एकदम बोलत होत्या, मागे तळं. ताईनं फोन चेहऱ्यासमोर धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्याच कोपराला आधार दिला होता, फोन खाली सरकून बँडेज दिसू नये म्हणून. म्हणाली, अगं ताप आलाय, परवापासून. एकशे दोन. त्या म्हणाल्या, आवाज तर छान आहे. ताई म्हणाली, तापात माझा आवाज छानच असतो.

हसली. त्याही हसल्या. दप्तरवालीचे केस पूर्ण पांढरे आहेत. ती फोनच्या जवळ येऊन नुसती ताईकडे बघत होती.

मी दारात उभा होतो. मनाशी ठरवलं होतं की पुढे व्हायचं, फोन घ्यायचा आणि सांगायचं, ताप नाही, माझ्यामुळे झालं. दोन वाक्यं. तयार केली होती.

तेवढ्यात दप्तरवालीनं विचारलं, तो भाऊ कुठाय तुझा, ज्यानं पट्टा केला? ताईनं माझ्याकडे पाहिलं. नको, असं तिच्या चेहऱ्यावर होतं की ये, असं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. तिनं फोन माझ्याकडे वळवला.

दप्तरवाली म्हणाली, फोटो पाहिला हो आम्ही. काय सुरेख कड केलीय! अगदी विकत घेतल्यासारखी. किती जीव आहे तुमचा तिच्यावर.

मी म्हणालो, थँक्यू.

आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. कड सगळ्यांना आवडली म्हणून. ताई माझ्याकडेच बघत होती, तिला ते दिसलं.